सोनीची पहिली पंचमी

७ एप्रिल, सातारा
मेढ्याला तारीख. जाताना चढाला दुसरा गियर उडाला. हाताने दाबून धरला तर राहतो, सोडला की न्यूट्रल. एका हातात गियर, एका हातात स्टिअरिंग, अशी कसरत करत कोर्टापर्यंत आलो आणि गाडी नेमकी फाटकात बंद पडली. ढकलायला कोण आलं, तर विरुद्ध पार्टी. ज्याला थोड्या वेळाने मी पिंजऱ्यात उभा करणार, तोच मागून जोर लावत म्हणतोय, "आवं वकीलसाहेब, इकून टाका की हिला आता!" हसलो. दुसरं काय करणार. नंतर उलटतपासणीत आवाजच चढेना.

८ एप्रिल
सौ. म्हणते नवी छोटी गाडी घ्या, आपण दोघंच तर. बरोबर आहे. पण साताऱ्यात वकील पैशाला पासरी. "काळी अँबॅसिडर" म्हटलं की मी. पक्षकार माझं नाव विसरतात, गाडी विसरत नाहीत. ती गेली तर उरतो एक टक्कल पडलेला काळा कोट. हे सौ.ला सांगता येत नाही. इथे लिहितानाही लाज वाटतेय, पण आहे हे असं आहे.

१२ एप्रिल, सांगली
गाडी इस्माईल मिस्त्रीकडे टोचन करून नेली. जुन्या अँबॅसिडरना हात लावणारा या दोन जिल्ह्यांत तोच उरलाय. गियरबॉक्स खोलून दाखवला. आतले दात झिजून गेलेत.
"सुटं दात आता कोण बनवत न्हाई साब. आख्खा बॉक्स मिळाला तरच."
स्टिअरिंगला दांडा असलेला जुन्या चालीचा बॉक्स. नंतरच्या गाड्यांचा बसत नाही. बघतो म्हणाला.

२० एप्रिल
कराडचं भंगार झालं, सांगलीचं झालं, कोल्हापूरला एक दिवस घालवला. ढिगांवर चढून चढून पँट फाटली. एकजण म्हणाला आहे, आणि आणून दाखवला ट्रॅक्टरचा. सौ.ला सांगितलं कोल्हापूरला कामानिमित्त गेलो होतो.

२४ एप्रिल, आटपाडी
मिस्त्रीचा काल फोन. आटपाडीपलीकडे एका वस्तीवर पांढरी अँबॅसिडर उभी आहे, मालक वारला, बाई विकत नाही. तुम्ही बोलून बघा, वकील आहात. गेलो.

हिराकाकी. सत्तरीची, काटक. नवरा, आबा, लष्करात ड्रायव्हर होता. रिटायर झाल्यावर ही गाडी घेतली. मूलबाळ नाही. गाडीचं नाव सोनी. वस्तीवरच्या निम्म्या बायका बाळंतपणाला सोनीतनंच दवाखान्यात गेल्या म्हणे. आबा गेल्यापासून गाडी पत्र्याखाली, कडब्याशेजारी. तरी काच चकचकीत. काकी संध्याकाळची मागच्या सीटवर बसून शेंगा फोडते. दार उघडून मला जागा दाखवली, टरफलं तिथेच होती.

"भंगारवाला आलता. कापतो म्हणला. हाकलला. तुमी कापणार न्हाई न्हवं?"
मी म्हणालो, "काकी, लेक दिली समजा."

हे वाक्य माझ्या तोंडात बसलेलं. भावकीच्या तडजोडी, बक्षीसपत्रं, सगळीकडे चालतं. म्हातारी माणसं विरघळतात. काकीने मात्र माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "मग पैसं ठेवा खिशात. लेकीचं पैसं घ्यायची रीत न्हाई आमच्यात. आखितीला या. सांजंपातूर वाटंला लावते."

चालवणार असं मी म्हणालो नाही. कापणार नाही असंही नाही. वाटेत विट्याला चहा घेताना हा मुद्दा दोनदा तपासून पाहिला.

३० एप्रिल, अक्षय तृतीया
आणली. लिहू नये असं वाटतंय.

वस्तीवरच्या बायका जमलेल्या. बोनेटला हळदकुंकू. खण, नारळ, तांदूळ, ओटी भरली गाडीची. मिस्त्री टोचनाचा दोर घेऊन पुढे आला तर काकी आडवी. "दाव्याला बांधून न्यायला जनावर हाय व्हय ती?" मग सगळ्यांनी हाताने ढकलत वस्तीच्या टोकापर्यंत नेली. मीही ढकलत होतो, इस्त्रीच्या शर्टात. काकी शेजारून चालत, हात खिडकीवर. बांधापाशी थांबली. रडली. मला म्हणाली, "जपा हं. थंडीत जरा येळ लागतो तिला उठाया. आरडू नका तिच्याव."

वळणाच्या पलीकडे, दिसेनासे झाल्यावर, दोर बांधला. ओटीचा नारळ सांगलीपर्यंत सीटवर इकडून तिकडे घरंगळत होता.

६ मे, सांगली
मिस्त्री म्हणाला, हिचं इंजिन झकास आहे साब, थोडं काम केलं तर पळेल. म्हणालो, बॉक्स काढा. जतच्या एका गिऱ्हाइकाला मागची दोन दारं हवीत, देऊ का? म्हणालो, द्या. बाकीच्याचं काय? बघू नंतर.

किती पटापट बोललो. तारीख वाढवून मागावी तसं.

९ मे
यवतेश्वरचा घाट दुसऱ्यावर चढली. लोण्यासारखी! वरती थांबून एकट्याने कणीस खाल्लं. हॉर्नसुद्धा सोनीचा बसवलाय, माझा पिचका झाला होता. खूश होतो. पुढे कधी हे वाचणारा कुणी असेल तर त्याने हे लक्षात घ्यावं, की मी त्या दिवशी खूश होतो.

१६ मे
काकीचा फोन. नंबर मीच दिला होता, हौसेने.
"रुळली का सोनी?"
"रुळली काकी."
"खाती-पिती न्हवं नीट?"
तेलपाणी म्हणायचं होतं तिला. म्हणालो, व्यवस्थित. यात खोटं काय? बॉक्सला नवं तेल घातलंय.

२७ मे
एसटीने गाठोडं आलं. कुरडया, सांडगे, बाजरीचं पीठ, आणि एक वाकळ. जुन्या लुगड्यांची, हाताने घातलेली, बरोबर मागच्या सीटच्या मापाची. सौ.ने विचारलं कुणी पाठवलं. एक पक्षकार आहे आटपाडीची. "वाकळ पाठवणारी पक्षकार?" म्हणाली आणि सांडगे तळायला घेतले. मी एकही घेतला नाही. पोट बिघडलंय म्हणालो. ते मात्र आता खरंच बिघडलं.

१० जून
कोर्टातून आलो तर सौ. फोनजवळ बसलेली, चेहरा दगड.
"तुमच्या काकीचा फोन होता. मला विहीणबाई म्हणाल्या."
मी कोट काढून खुंटीला लावला.
"मला म्हणाल्या, लेकीला सांभाळून घ्या, चुकलं तर पदरात घ्या. अहो, आपल्याला मुलगा नाही. कसली लेक, कुणाची लेक? सांगा आता."
सांगितलं. मांडणी नीट केली होती: वापरात नसलेली वस्तू, स्वखुशीने दिलेली, किंमत देऊ केली होती, तिने नाकारली. मधेच म्हणाली, "कोर्टात उभं राहिल्यासारखं माझ्याशी बोलू नका."

१४ जून, सांगली
तिनेच हट्ट धरला, मला ती बघायची आहे. नेलं. माझ्याच काळ्या गाडीतून नेलं, सोनीच्या बॉक्सवर, सोनीचा हॉर्न वाजवत.

मिस्त्रीच्या शेडमागे सोनी विटांवर. मागची दारं नाहीत, बोनेट अर्धं उघडं, आतल्या सीटवर एक कोंबडी बसलेली. बोनेटवरचं कुंकू सुकून तसंच. सौ.ने कोंबडी हुसकली. पदराने सीट पुसली, थोडा वेळ बसली त्या सीटवर, दार नसलेल्या गाडीत, रस्त्याकडे तोंड करून. मी मिस्त्रीशी ऑइलबद्दल बोलत राहिलो. त्याला ऑइलबद्दल काही बोलायचं नव्हतं.

येताना कराड मागे पडलं. मग म्हणाली, "मी परत या गाडीत बसणार नाही."

२२ जून
फोन. घेतला नाही. परत. घेतला.
"पंचमी आली की. पहिली पंचमी, लेक म्हायेरला येती. तुमी आणताय का मी मुराळी धाडू? माझा पुतण्या हाय ज्ञानू, टरक चालवतो. त्यो येऊन घिऊन येईल तिला चालवत."
म्हणालो, काकी, पावसात रस्ते खराब.
"आटपाडीला कसला पाऊस वं?" हसली. "शेड सारवून घेतलंय. बायका इचारत्यात, सोनी कवा येणार."
मीच आणतो म्हणालो. काय आणू?

२८ जून
आज जे केलं ते कुणाला कळू नये. म्हणून इथे.

काळी गाडी घेऊन शहराबाहेरच्या एका पेंटरकडे गेलो. साताऱ्यातला ओळखीचा नको म्हणून. पांढरा मारून द्या, आतबाहेर, पंचमीआधी. बॉक्स तिचा, हॉर्न तिचा, वर पांढरा रंग. काकीला काय कळणार, म्हातारी आहे, नजर कमी. हे सगळं मी शांतपणे, हिशोबीपणे ठरवलं होतं. पेंटरने मडगार्डवर एक पट्टा मारून दाखवला. मग पुसत पुसत म्हणाला, "साहेब, राग मानू नका. चोरीची हाय व्हय?"

गाडी काढून थेट घरी. पट्टा तसाच राहिला.

३० जून
कोर्टात सगळे विचारतात पांढरं काय लागलंय. चुना म्हणतो.

रात्रीचं जेवण वाढताना सौ. म्हणाली, वाकळ उन्हात घालून घडी केलीय, पंचमीला तिच्याबरोबर पाठवायची ना? टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मी काहीतरी करेन.

६ जुलै, सांगली
मिस्त्रीला म्हणालो, बॉक्स परत सोनीला लावा. हॉर्नही.
"आन तुमची?"
"उभी राहील."
"बॉक्स एकच हाय साब. एक पळंल, एक विटांवर."
"माहीत आहे."
असं म्हणताना आपण फार मोठं काही करतोय असं एक क्षण वाटलं. लगेच त्याचीही लाज वाटली. उचललेली वस्तू जागेवर ठेवायची, त्यात कसलं मोठेपण.

दारांचा प्रश्न. तिची जतला गेली. जुन्या बाजारात मागची दारं मिळेनात. एक मिळालं ते तळातून सडलेलं. शेवटी मीच म्हणालो, माझ्या गाडीची काढा. मिस्त्री मिशीत हसला. पहिल्यांदाच हसला एवढ्या दिवसांत.

१९ जुलै
कोर्टात रिक्षाने. वॉचमनने फाटकात अडवलं, "कुणाकडं जायचं?" खरंच ओळखलं नाही त्याने. आत येऊन खुर्चीत बसलो. इतकी वर्षं सलाम कुणाला होता ते आज कळलं.

२७ जुलै, सांगली
सोनी चालू झाली. पहिल्यांदा नाही, थोडा वेळ घेतला. काकी म्हणाली होती तसा. मिस्त्री वैतागून काही पुटपुटला तर मी म्हणालो, आरडू नका तिच्यावर. तोंडातून निघून गेलं.

पांढरी गाडी, मागची दोन दारं काळीकुट्ट. दोन दिवस आहेत, रंगवून देतो म्हणाला. एकदा मन झालं. रंगवली तर काकीला काही सांगावं लागणार नाही. नको म्हणालो. रंगाच्या डब्याची आता भीती वाटते.

माझी तिथेच ठेवली, शेडमागे, सोनीच्या विटांवर. मडगार्डावर पांढरा पट्टा. मागे वळून बघितलं नाही. एकदा बघितलं.

२९ जुलै, नागपंचमी, आटपाडी
सौ. बसली गाडीत. पुढे माझ्याशेजारी, वाकळ मांडीवर. विट्यापर्यंत गप्पा मारत होती. मी घाटावर हात दुसऱ्या गियरवर ठेवून, उडेल या भीतीने. उडाला नाही.

वस्तीवर झाडाला झोका बांधलेला, बायका फेर धरून. हॉर्न वाजवला, आणि त्या आवाजावर काकी धावत आली. भाकरतुकडा ओवाळून टाकला. सौ.चा हात धरून "इहीणबाई" म्हणाली. मग गाडीभोवती फिरायला लागली. बोनेटवरून हात, मडगार्डावरून हात. पुढच्या दारावरून. मागच्या दारावर येऊन हात थांबला.

"ही कुणाची?"
"माझ्या गाडीची."
"आन तिची कुटं हायती?"

झोका थांबलेला. बायका बघतायत. सौ. माझ्याकडे बघत नव्हती. म्हणालो, "विकली काकी. चालवायला नव्हती नेली तिला. माझ्या गाडीत तिचं सामान घालायचं होतं. खोललेली होती दोन-अडीच महिने. आता परत जोडली."

काकी वळली. आत गेली. आम्ही सोप्यात बसलो. काय करावं कळेना, उठून जावं तर तेही जमेना. मग ती दोन ताटं घेऊन आली. पुरणाची दिंडं, वर तूप. माझं ताट आधी ठेवलं.
"आज काय चिरत न्हाईत, कापत न्हाईत. उकडल्यालंच खातोय आमी. जेवा."
कापत नाहीत, हे सहज बोलली की मला उद्देशून, देव जाणे. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वाढत राहिली. मी खात राहिलो. तूप अजून हातावर वास मारतंय.

निघताना सवयीने गाडीकडे वळलो. काकी दारापुढे उभी. काळ्या दारापुढे.
"पंचमीला आल्याली लेक लगीच माघारी लावत न्हाईत."
"मग कधी न्यायला येऊ?"
"कशी नांदवली ती बघितलं की म्या. तिची दारं घिऊन या. दुसरी कुणाची नगं, तिचीच. मग बघू."
सौ.ला मात्र कुंकू लावलं, वाकळ ठेवून घेतली, डाळिंबं दिली पिशवीभर. मला नाहीही म्हणाली नाही, होही म्हणाली नाही.

एसटीने आलो. उभ्याने. डाळिंबांची पिशवी माझ्या हातात.

४ ऑगस्ट
दोन गाड्या होत्या माझ्या म्हणायला. एक विटांवर, एक माहेरी. रोज रिक्षा. वॉचमन आता ओळखतो, सलाम करत नाही.

मिस्त्रीकडून जतच्या माणसाचा पत्ता घेतला.

९ ऑगस्ट, जत
गेलो. शिक्षक आहेत, निवृत्त. नाव लिहीत नाही. त्यांच्या अंगणात निळी अँबॅसिडर, नुकती रंगवलेली. मागची दोन दारंही निळी. सोनीची. कडेला एका ओरखड्यातून पांढरं दिसत होतं.

मी येतोय हे मिस्त्रीने कळवलं असावं, तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हात धरले. "तुमीच व्हय सातारचे वकील? तुमच्यामुळं गाडी उभी राहिली बघा. दारांसाठी गाव गाव पालथं घातलं हुतं." बायकोला हाक मारली, हे आले बघ ते. चहा, चिवडा. मग मला गाडीत बसवून गावातून एक चक्कर. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "ह्यांनी दारं दिली!" मी मागे बसलो होतो, दाराला हात लावून. लोक नमस्कार करत होते. मी परत करत होतो.

काही मागितलं नाही. सहज आलो होतो म्हणालो, या बाजूला काम होतं.

घरी येऊन सौ.ला सांगायचं धाडस होईना, तिनेच ओळखलं. एक डाळिंब सोलून वाटीत दिलं.

१० ऑगस्ट
परत जतला जायचं. खरं काय ते सांगायचं. ते दारं देतील, तशी माणसं आहेत, आणि त्यांची गाडी बिनदाराची पडून राहील. की काकीला सांगायचं की दारं आता दुसऱ्या घरी रुळलीत. सकाळपासून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करतोय. दोन्हीकडून हरतोय.

लिहीत असतानाच फोन वाजायला लागलाय. सौ. शेजारीच बसलीय, शेंगा निवडत, उचलत नाही.
"तुमच्या काकीच असणार," म्हणाली. "घ्या."